ज्येष्ठांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र: दुसऱ्या पिशवीबद्दलही विचारा

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

मी फार्मासिस्ट आहे. तुमच्या चिठ्ठीवरची औषधं पेशंटच्या हातात देणं हे माझं काम. देताना दोन मिनिटं बोलणं होतं, आणि त्या दोन मिनिटांत पेशंट जे बोलून जातो ते तुमच्या कानावर बहुधा पडतच नाही. तुमच्यासमोर तो बेताने बोलतो, काउंटरवर मोकळा होतो. तुम्हां सगळ्यांना एकत्रच लिहिते आहे, कारण गाऱ्हाणं कुणा एकाविषयी नाही.

साठी ओलांडलेल्या माणसाकडे हल्ली औषधांच्या दोन पिशव्या असतात. एकीत तुम्ही लिहून दिलेलं: बीपीची गोळी, शुगरची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, कुणाला रक्त पातळ करणारी. दुसरीत त्याने स्वतः शोधून, कुणाचं तरी ऐकून, जाहिरात पाहून आणलेलं: ओमेगा-३, व्हिटॅमिन डी, केसांसाठी बायोटिन, हळदीतलं कर्क्युमिन, स्मरणशक्तीसाठी गिंको, मॅग्नेशियम, आणि म्हातारपण लांबवतं म्हणून विकलं जाणारं, नव्याने आलेलं एनएमएन. पहिल्या पिशवीबद्दल कुरकुर असते, दुसरीबद्दल कौतुक. "यातली एखादी कमी नाही का होणार?" हा प्रश्न मला रोज ऐकू येतो, आणि तो दर वेळी पहिल्या पिशवीबद्दलच असतो. दुसऱ्या पिशवीतलं काही कमी करायचंय असं म्हणत आलेला माणूस मला आठवत नाही.

"ती आजाराची गोळी, ही तब्येतीची," असं एका आजोबांनी मला समजावलं होतं. बीपीची गोळी ते एक दिवस घेत आणि दोन दिवस विसरत. एनएमएनची कॅप्सूल मात्र सकाळी सात म्हणजे सात. पुढची दहा वर्षं हातीपायी धड राहायचं, कुणावर भार व्हायचं नाही, एवढीच त्यांची इच्छा होती. इच्छा रास्त होती, गोळ्यांचा क्रम उलटा लागला होता.

त्यांच्या पहिल्या पिशवीत बीपीसाठी इंडापामाइड होतं. जुनं औषध, त्याचं नाव कुणी कौतुकाने घेत नाही. पण 'हायव्हेट' नावाची चाचणी तुम्हाला आठवत असेल. ऐंशी आणि त्यापुढच्या वयाचे, वरचं प्रेशर १६० किंवा जास्त असलेले ३,८४५ लोक. निम्म्यांना इंडापामाइड आणि गरज पडली तर जोडीला पेरिंडोप्रिल, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. २००८ मध्ये निकाल छापून आला: औषध घेणाऱ्यांत कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी, हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी कमी. चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवावी लागली, कारण उरलेल्यांना औषधाविना ठेवणं योग्य राहिलं नव्हतं. ऐंशीच्या घरात माणसाला आणखी काही वर्षं आणि बरी वर्षं मिळवून देण्याचा याहून सरळ पुरावा कुठल्या गोळीच्या नावावर आहे?

आता दुसरी पिशवी. एनएमएन घेतलं की रक्तातली एनएडीची, म्हणजे पेशींना ऊर्जा तयार करायला लागणाऱ्या रेणूची पातळी वाढते, हे माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. त्यामुळे माणूस जास्त जगतो, कमी आजारी पडतो किंवा उशिरा थकतो, हे अजून कुणी दाखवलेलं नाही. पातळी वाढणं आणि माणूस बरा राहणं यांत केवढं अंतर असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आजोबांना मात्र ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

यात माझ्या व्यवसायाचाही वाटा आहे. सप्लिमेंटची फळी सगळ्यात पुढे आणि नजरेच्या उंचीवर असते, चिठ्ठीची औषधं मागे कपाटात. दुकानाची मांडणीच माणसाला सांगते की पुढचं ते निर्धोक, मागचं ते कडक. आणि ही समजूत मुळातच चुकीची आहे.

मागे आणि पुढे असा भेद औषधाच्या ताकदीने पडत नाही. तो कायद्याने पडतो. गरोदरपणात थॅलिडोमाइड घेतल्याने हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या शोकांतिकेनंतर अमेरिकेत १९६२ मध्ये कायदा बदलला आणि औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहेच, शिवाय गुणकारीही आहे, हे सिद्ध करणं कंपनीवर बंधनकारक झालं. त्याच देशात १९९४ मध्ये सप्लिमेंटसाठी वेगळा कायदा आला. त्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी गुण सिद्ध करावा लागत नाही. काही बिघडलं तर त्यानंतर सरकारी यंत्रणेने हात घालायचा. इतर देशांचे नियम थोडे इकडे-तिकडे असतील, पण बहुतेक ठिकाणी औषधाला जितकं सिद्ध करावं लागतं त्याच्या आसपासही सप्लिमेंटला करावं लागत नाही.

हा भेद किती कागदी आहे ते झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या मेलॅटोनिनवरून कळतं. एका देशात ते टॉफीसारखं उघड्यावर मिळतं, दुसऱ्यात त्यालाच चिठ्ठी लागते. रेणू तोच. एनएमएनचंही तसंच. २०२२ मध्ये अमेरिकी एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, सांगितलं की हे सप्लिमेंट म्हणून विकता येणार नाही, कारण औषध म्हणून त्याचा अभ्यास आधीच सुरू झाला होता. २०२५ मध्ये तोच निर्णय फिरवला. या तीन वर्षांत कॅप्सूलमध्ये काहीही बदललं नाही.

याहून बोलकं उदाहरण रेड यीस्ट राइसचं, म्हणजे लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाचं. एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीने, मांड्या दुखतात म्हणून त्यांनी ती गोळी आपल्या मनाने सोडली आणि 'नैसर्गिक' काहीतरी सुरू केलं. डबी दाखवली. पाठीमागे बारीक अक्षरांत मोनॅकोलिन के. हे मोनॅकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिन, तंतोतंत तोच रेणू, १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं स्टॅटिन. म्हणजे बाईंनी स्टॅटिन सोडून स्टॅटिनच धरलं होतं. फरक इतकाच की पहिल्यात किती मिलिग्रॅम आहे हे छापलेलं आणि तपासलेलं होतं, दुसऱ्यात ते रामभरोसे. बाजारातल्या वेगवेगळ्या रेड यीस्ट राइसमध्ये या घटकाचं प्रमाण कित्येक पटींनी कमी-जास्त निघालं आहे. काहींत सिट्रिनिन नावाचं, मूत्रपिंडाला घातक असं बुरशीचं विषही सापडलं आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये अशा उत्पादनांत दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी मोनॅकोलिन असावं असं बंधन घातलं. २०२४ मध्ये जपानमध्ये अशाच एका उत्पादनामुळे मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं दवाखान्यात दाखल झाल्याची बातमी तुम्हीही वाचली असेल.

आणि गंमत म्हणजे, नव्या डबीने बाईंच्या मांड्या दुखत नव्हत्या. सॅमसन या चाचणीत याचं उत्तर असावं. स्टॅटिनचा त्रास झाला म्हणून ते सोडलेले ६० लोक निवडले. वर्षभर कधी एक महिना खरी गोळी, कधी एक महिना खोटी, कधी काहीच नाही. खऱ्या गोळीवर जो त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. त्रास खरा होता, ढोंग नव्हतं. पण तो बराचसा गोळी घेण्यातून, तिच्याबद्दलच्या धास्तीतून आला होता. पहिल्या पिशवीबद्दल माणसाच्या मनात आधीच अढी असते आणि दुसरीबद्दल आधीच लोभ. दोन्हींचे परिणाम अंगावर दिसतात. तुम्ही चिठ्ठी लिहिताना अर्धा मिनिट या अढीवर खर्च केलात तर माझ्याकडची निम्मी कुरकुर संपेल.

डबीवरची भाषा जरा जवळून वाचा, एकदा चष्मा लावून. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत: 'हृदयाच्या आरोग्याला साथ', 'पेशींच्या ऊर्जेला आधार', 'स्मरणशक्तीसाठी'. पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत: हे उत्पादन कोणत्याही आजाराचं निदान, उपचार वा प्रतिबंध करण्यासाठी नाही. दोन्ही वाक्यं कायद्याला धरून आहेत. 'साथ', 'आधार' म्हटलं की आजाराचं नाव घेतलं असं होत नाही, आणि आजाराचं नाव घेतलं नाही की विकण्याआधी पुरावा सरकारपुढे ठेवावा लागत नाही. वकिलाने लिहिलेल्या त्या पुढच्या ओळीला आमचे आजी-आजोबा डॉक्टरचा सल्ला समजतात, कारण त्या विषयावर डॉक्टर काहीच बोललेला नसतो.

आत जे असतं त्याचीही खात्री नाही. मेलॅटोनिनच्या ३१ उत्पादनांची तपासणी कॅनडातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. लेबलवर छापलेल्या मात्रेपेक्षा ८३ टक्के कमी इथपासून ४७८ टक्के जास्त इथपर्यंत सगळं त्यात निघालं, आणि चौथ्या हिश्शाहून जास्त उत्पादनांत सेरोटोनिन आढळलं, ज्याचा लेबलवर उल्लेखच नव्हता. रात्री झोप यावी म्हणून गोळी घेणाऱ्या पंचाहत्तरीच्या बाईला आज किती मेलॅटोनिन मिळालं, हे तिला माहीत नाही, मला नाही आणि तुम्हालाही नाही.

एवढं वाचून तुम्ही मान डोलावत असाल तर थांबा. सप्लिमेंटला सरसकट 'कचरा' म्हणून मोकळं होणारे डॉक्टरही मला ठाऊक आहेत, आणि पेशंट तुमच्यापाशी तोंड उघडत नाही त्याचं ते एक मोठं कारण आहे. शिवाय ते खरंही नाही. डोळ्यांच्या मॅक्युलाची (पडद्याच्या मधल्या भागाची) झीज मध्यम टप्प्यावर असलेल्यांना जीवनसत्त्वं आणि जस्त यांचं ठरावीक मिश्रण दिलं तर आजार गंभीर होण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटतो, हे २००१ मध्ये मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. पुढे २०१३ मध्ये त्यातलं बीटा कॅरोटीन काढून ल्युटिन आणि झिॲझँथिन घातलं गेलं, कारण बीटा कॅरोटीनने सिगारेट ओढणाऱ्यांचा फुप्फुसाचा कर्करोग वाढतो हे फिनलंडमधल्या २९,१३३ पुरुषांवरच्या चाचणीने १९९४ मध्येच दाखवलं होतं. सप्लिमेंटला औषधासारखं तपासलं की असं होतं. काय उपयोगी आणि काय घातक, दोन्ही कळतं, आणि मिश्रण सुधारता येतं.

व्हिटॅमिन डीची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. व्हायटल चाचणीत २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना पाचेक वर्षं रोज २,००० युनिट दिलं. कर्करोग कमी झाले नाहीत, हृदयविकार कमी झाले नाहीत, हाडं मोडायचीही थांबली नाहीत. दुसरीकडे एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना ते द्यावं असं सुचवलं, मृत्यूचा धोका थोडा घटण्याची शक्यता धरून. आणि वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस देऊन पाहिला तेव्हा वृद्ध स्त्रिया जास्त पडल्या आणि जास्त हाडं मोडली. म्हणजे कोणाला, किती आणि किती दिवसांनी, या तिन्ही प्रश्नांवर उत्तर फिरतं. हे तीन प्रश्न विचारणं डॉक्टरचं काम आहे. डबी ते विचारू शकत नाही. गिंकोच्या बाबतीत काम सोपं आहे: पंचाहत्तरी आणि पुढच्या ३,०६९ लोकांवर पाहिलं, स्मृतिभ्रंश टळला नाही, विषय संपला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गिंको बंदच करा.

आता तुमच्या बाजूची कपाटं उघडते, राग मानू नका.

'वय थांबवणारं' म्हणून चिठ्ठीवर लिहिल्या गेलेल्या औषधांचा इतिहासही काही फार उजळ नाही. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन दिले की हृदय तरुण राहतं अशी खात्री एके काळी तुमच्याच व्यवसायाला होती. १६,६०८ स्त्रियांवरची चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गाठी वाढल्या. (त्यानंतर लंबक इतका उलटा गेला की ज्या पन्नाशीच्या बायकांना खरोखर त्रास होतो आणि ज्यांना ते उपयोगी पडलं असतं त्यांनाही नाकारलं गेलं, हाही अन्यायच.) ॲस्पिरिनचं तसंच. 'सगळ्यांनीच रोज एक घ्यावी' हा सल्ला किती वर्षं चालला! ॲस्प्री चाचणीत १९,११४ निरोगी, बहुतेक सत्तरीपुढच्या लोकांपैकी निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम दिलं. अपंगत्वाविना जगण्याची वर्षं वाढली नाहीत. मोठे रक्तस्राव ३८ टक्क्यांनी वाढले. निकाल २०१८ मध्ये आला. ती गोळी कुणी सुरू केली होती हे विसरलेले आणि ती कुणीच बंद न केलेले पेशंट अजूनही माझ्याकडे येतात.

ॲस्पिरिनवरून उंदरांची आठवण होते. अमेरिकेत तीन प्रयोगशाळा एकाच वेळी, एकाच पद्धतीने उंदरांवर आयुष्य वाढवणारे पदार्थ तपासतात. तीन ठिकाणी करतात ते एवढ्यासाठी, की एखाद्या ठिकाणचा योगायोग सगळ्यांना फसवू नये. तिथे द्राक्षातलं रेझव्हेराट्रॉल नापास झालं, कर्क्युमिन नापास, ग्रीन टीचा अर्क नापास, माशाचं तेल नापास, एनएमएनचा चुलतभाऊ निकोटिनामाइड रायबोसाइडही नापास. दुसऱ्या पिशवीचा जवळजवळ निम्मा ऐवज तिथेच गळतो. पास झालेल्यांत रॅपामायसिन सगळ्यात वर: २००९ मध्ये, उंदीर म्हातारे झाल्यावर, ६०० दिवसांचे असताना सुरू करूनही माद्यांचं आयुष्य १४ टक्क्यांनी आणि नरांचं ९ टक्क्यांनी वाढलं. ॲकार्बोज पास, नरांपुरतं कॅनाग्लिफ्लोझिन पास. तिन्ही चिठ्ठीवरची औषधं. हे वाचून तुमच्यातल्या काहींचे हात शिवशिवतात, हेही मला चिठ्ठ्यांवरून कळतं. पण त्याच प्रयोगशाळांत नर उंदरांवर ॲस्पिरिनही पास झालं होतं, आणि माणसांत काय झालं ते वर लिहिलंच आहे.

रॅपामायसिन हे मुळात मूत्रपिंड बदललेल्या पेशंटसाठी १९९९ मध्ये मंजूर झालेलं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. तोंड येणं, चरबीची पातळी वाढणं, जखम उशिरा भरणं, संसर्ग होणं हे त्याचे ओळखीचे परिणाम आहेत. निरोगी माणसाचं आयुष्य त्याने वाढतं हे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनबद्दल आशा जास्त आहे आणि भीती कमी. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या नोंदींवरून दिसलं की मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षाही जास्त जगतात. नंतर डेन्मार्कच्या नोंदींवरून ते तसं दिसलं नाही. खरा निकाल लावण्यासाठी ६५ ते ७९ वयाच्या ३,००० लोकांवर 'टेम' नावाची चाचणी आखून कित्येक वर्षं झाली. तिला पुरेसा पैसा मिळत नाही. मेटफॉर्मिनचं पेटंट कधीच संपलेलं आहे, त्यामुळे त्यात कुणाला रस नाही. दरम्यान २०१९ मध्ये एका छोट्या चाचणीत ६५ पुढचे लोक १४ आठवडे वजनं उचलण्याचा व्यायाम करत होते. ज्यांना जोडीला मेटफॉर्मिन दिलं त्यांचे स्नायू कमी वाढले. मधुमेह नसलेल्या, रोज व्यायाम करणाऱ्या सत्तरीच्या माणसाला 'वयासाठी' म्हणून मेटफॉर्मिन लिहिताना हे त्याला सांगितलं होतं का?

चिठ्ठीवर आलं म्हणून सिद्ध झालं असं नसतं. मधुमेहासाठी सिद्ध झालेलं औषध म्हातारपणासाठी लिहिलं की ते त्या कामापुरतं दुसऱ्या पिशवीतच जाऊन बसतं. म्हणून मी दोन्ही पिशव्यांना सारखेच प्रश्न विचारते: माणसांवर तपासलं का, माझ्या पेशंटच्या वयाच्या माणसांवर तपासलं का, आणि तपासताना मोजलं काय? रक्तातला एखादा आकडा, की माणूस पडला का, पक्षाघात झाला का, स्वतःचं स्वतः करू शकला का? इंडापामाइड या प्रश्नांना टिकतं. एनएमएन टिकत नाही. रॅपामायसिनही टिकत नाही.

अपायाचं गणित पेशंटपुढे सरळ मांडायला हवं, नाहीतर आपण पक्षपाती ठरतो. अमेरिकेत सप्लिमेंटमुळे वर्षाला सुमारे २३,००० लोकांना तातडीच्या विभागात जावं लागतं, असा अंदाज २०१५ मध्ये मांडला गेला. ६५ पुढच्यांत यातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा कशाचा, तर गोळी घशात अडकण्याचा! मला याचं नवल वाटलं नाही. कॅल्शियमच्या काही गोळ्या पाहूनच घाम फुटतो. चिठ्ठीच्या औषधांचा आकडा मात्र याहून मोठा आहे: २०११ च्या अंदाजानुसार अमेरिकेत ६५ पुढचे जवळपास १ लाख लोक वर्षाला औषधांच्या परिणामांमुळे तातडीने दवाखान्यात भरती होतात, आणि त्यातले दोन तृतीयांश रक्त पातळ करणारं वॉरफरिन, रक्तातल्या प्लेटलेट्सना आवर घालणाऱ्या गोळ्या, इन्शुलिन आणि शुगरच्या गोळ्या या चार गटांमुळे. दोन आकडे एका मापाचे नाहीत. एकात नुसती भेट मोजली, दुसऱ्यात भरती. तरी पेशंटची भीती अगदीच निराधार नाही हे मान्य करायला हवं. फरक असा, की वॉरफरिनचा अपाय आपल्याला माहीत असतो, आपण तो रक्त तपासून मोजतो, डोस बदलतो. कर्क्युमिनने यकृत बिघडलं तर पेशंट, मी आणि तुम्ही, तिघेही आधी दुसरीकडेच शोधत बसतो. औषधांमुळे यकृताला झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी संशोधकांच्या गटाला २००४ ते २०१३ या काळात सप्लिमेंटचा वाटा ७ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलेला दिसला.

खरा धोका दोन पिशव्या एकमेकींना भेटतात तिथे आहे, आणि तिथेच कुणी बघत नाही. बीपीसाठी तुम्ही लघवीचं औषध देता; पायात गोळे येतात; पेशंट ते तुम्हाला न सांगता मॅग्नेशियम आणतो; मूत्रपिंड अशक्त असेल तर ते साठत जातं. थायरॉइडच्या गोळीवर लगेच कॅल्शियम घेतलं जातं, गोळी शोषली जात नाही, थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच वाढतो आणि तुम्ही डोस वाढवता. त्या दोघांत चार तासांचं अंतर ठेवलं असतं तर डोस तोच पुरला असता. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होतं, तळपाय बधिर होतात आणि ते मधुमेहाच्या खात्यावर मांडलं जातं. इथे उलट सप्लिमेंटच द्यायला हवं असतं, आणि नेमकं तेच दुसऱ्या पिशवीत नसतं.

बायोटिनचं उदाहरण तुमच्या टेबलावर लावून ठेवण्यासारखं आहे. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम. केस-नखांच्या कॅप्सूलमध्ये ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या दीडशे-तीनशे पटींहून जास्त. अपाय म्हणाल तर त्याचा स्वतःचा फारसा नाही. पण रक्ताच्या अनेक तपासण्या बायोटिनच्या रसायनावरच चालतात, त्या चुकतात. टीएसएच खोटा कमी दिसतो, थायरॉइडची हार्मोन्स खोटी जास्त दिसतात, आणि धडधाकट बाईला थायरॉइड वाढल्याची औषधं सुरू होऊ शकतात. हार्ट ॲटॅकच्या वेळी बघितलं जाणारं ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. २०१७ मध्ये एफडीएने इशारा दिला तेव्हा अशा चुकीच्या ट्रोपोनिननंतर झालेल्या एका मृत्यूची नोंद त्यात होती. हे टाळण्यासाठी करायचं एवढंच, की रक्त देण्याआधी किमान दोन दिवस कॅप्सूल थांबवायची. पण ती चालू आहे हे कुणीतरी विचारलेलं असायला हवं. 'कोणती औषधं चालू आहेत?' असं विचारलंत तर उत्तरात बायोटिन येणार नाही. 'औषधाशिवाय आणखी काय घेता? केसांसाठी, झोपेसाठी, सांध्यांसाठी, ताकदीसाठी?' असं विचारलं तर येतं. मी करून पाहिलेलं आहे.

म्हणून मागणं असं. वर्षातून एकदा तरी दोन्ही पिशव्या टेबलावर ओतायला सांगा, डबीसकट. यादी नको, यादीत माणसं निवडून लिहितात. हसू नका, रागावू नका. दोन्हींतलं जे उरवायचं ते चिठ्ठीवर लिहा, सप्लिमेंटसुद्धा, डोस आणि मुदत घालून. जे काढायचं त्याच्यापुढे 'बंद' असं स्वच्छ लिहा. पहिल्या पिशवीतलंही काढा: अमेरिकेतल्या वृद्धवैद्यक संघटनेने २०२३ मध्ये सुधारलेली बीअर्स यादी, म्हणजे वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी, याच कामासाठी आहे, आणि आठ-आठ, दहा-दहा औषधं चालू असलेल्या पेशंटकडे तिच्यातलं काहीतरी हमखास सापडतं. वयासाठी म्हणून मेटफॉर्मिन किंवा रॅपामायसिन लिहायचंच असेल तर हे मंजूर वापराबाहेरचं आहे असं त्याला सांगून लिहा. मलाही कळू द्या, म्हणजे मी 'तुम्हाला शुगर कधी निघाली?' असं विचारून त्याला घाबरवणार नाही.

आणि ज्यांचा पुरावा पक्का आहे ती जुनी, नीरस औषधं देताना जरा अभिमानाने द्या. "ही प्रेशरची गोळी" यापलीकडे एक वाक्य बोला: ही घेतलीत तर स्वतःच्या पायांवर चालत राहण्याची शक्यता वाढते. लसीबद्दलही बोला, वेल्समधल्या नोंदींवरून २०२५ मध्ये असं दिसलं की नागिणीची लस घेतलेल्यांत पुढच्या सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी होता. दुसऱ्या पिशवीतल्या कुठल्या डबीला असं काही दाखवता आलं आहे? पण डबीपाशी जाहिरात आहे आणि लसीपाशी फक्त तुम्ही.

चिठ्ठीच्या तळाशी दोन ओळी सप्लिमेंटसाठी मोकळ्या ठेवत चला. तिथे तुमच्या अक्षरात 'बंद' असलं की काउंटरवर वाद होत नाही. मी ते वाचून दाखवते आणि पेशंट डबी परत ठेवतो.

आपली,
एक फार्मासिस्ट